दिंडी दरवाज्याचा पहारेकरी

ऋजुताने चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या, दोन्ही घोट्यांना पट्टे बांधले आणि ती अनवाणी चालपटावर उभी राहिली. समोरच्या भिंतीवर सोनकड्याचा किल्ला उभा राहिला. खेळातली वेळ अमावास्येची होती, त्यामुळे बुरुजावरच्या पलित्यांपलीकडे दिसत काहीच नव्हतं.

‘अंधारवाट’ हा लपतछपत खेळायचा खेळ. खेळणारा हेर असतो. कमरेला कट्यार असते, पण ती उपसावी लागली म्हणजे निम्मा खेळ हरल्यासारखाच. कोणाच्या नजरेस न पडता आत शिरायचं, काम उरकायचं आणि तसंच बाहेर पडायचं. ‘दिंडी दरवाजा’ ही या खेळाची नवी विस्तारकथा लवकरच बाजारात येणार होती. किल्ल्याच्या मोठ्या दरवाज्यात माणूस वाकून जाईल एवढं छोटं दार असतं, तो दिंडी दरवाजा. तो आतून उघडून बाहेरच्या सोबत्यांना आत घ्यायचं, एवढी कथा. खेळ बाहेर पडण्याआधी बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घ्यायची कंपनीची पद्धत होती, आणि कोल्हापुरातल्या या कचेरीत ते काम ऋजुता बर्गे करायची. कथा रंगते का, हे तर ती सांगायचीच. पण मुख्य म्हणजे, पहारेकरी सगळ्या खेळणाऱ्यांशी सारखे वागतात की नाही, हे ती बघायची. ती ‘परत पाठवा’ म्हणाली की खेळ परत जायचा.

“ताई, चहा आधी का किल्ला आधी?” काचेपलीकडून तन्वीर शिकलगारने विचारलं. पहारेकऱ्यांचं वागणं घडवणाऱ्या गटाचा तो प्रमुख. वयाने तिच्यापेक्षा बराच लहान, आणि आपल्या पहारेकऱ्यांविषयी घरच्या पैलवानांविषयी बोलावं तसं बोलायचा.

“किल्ला. तुझा चहा प्यायला की पाय उचलत नाहीत.”

“हसून घ्या. दरवाज्यावरचा गडी भेटला की कळेल. आमची सगळी पोरं त्याच्यापाशी आपटली आहेत. लई वस्ताद माणूस.”

तो ‘माणूस’ म्हणाला, ते अगदीच खोटं नव्हतं. पूर्वीच्या खेळांतले पहारेकरी ठरलेल्या वाटेने फिरायचे, ठरलेल्या वेळी वळायचे. चार वेळा पाहिलं की पाठ. ‘अंधारवाट’मधल्या प्रत्येक पहारेकऱ्यात एका खऱ्या माणसाचा अवधानठसा असायचा. ज्यांचं कामच नजर ठेवण्याचं, अशा लोकांना काही दिवस एक चष्मा वापरायला दिलेला असे. डोळे कुठे वळले, मान किती फिरली, त्याआधी कानावर कोणता आवाज पडला, त्या वेळी कानशिलातली नाडी कशी चालली होती, हे सगळं तो चष्मा टिपायचा. त्या नोंदींवरून यंत्र शिकायचं की या माणसाचं लक्ष कशाने वेधलं जातं, कशाने जात नाही, आणि लक्ष गेल्यावर तो काय करतो. अनेकांच्या नोंदी एकत्र करूनही पाहिल्या होत्या, पण अनेकांच्या नजरांची सरासरी काढली की ती नजर कुठेच जात नाही. पहारेकरी झोपेत चालल्यासारखा दिसतो. म्हणून एका पहारेकऱ्याला एकच माणूस. नाव मात्र पुसलेलं. कंपनीच्या दप्तरी नुसता क्रमांक.

दुसरी गोष्ट चालपटाची. खेळणारा त्यावर स्वतःच्या पायांनी चालतो आणि त्याच्या पावलांचा खरा आवाज किल्ल्यात उमटतो. टाच टेकवणारा, पाय घासणारा, चवड्यांवर चालणारा, ज्याचा त्याचा हेर वेगळा. पहारेकऱ्याच्या कानाला चकवायचं ते आपल्याच पावलांनी.

ऋजुता तटाच्या सावलीतून सरकली. पहिले पहारेकरी तिने सहज मागे टाकले. मग दरवाज्याच्या देवडीत शिरली आणि तिला तो दिसला.

तो दारासमोर उभा नव्हता. देवडीच्या अगदी मागच्या खांबाला टेकून, सगळ्यांच्या पाठीमागे उभा होता. म्हणजे येणाऱ्याला त्याची नजर दिसणारच नाही आणि त्याला सगळे पाठमोरे दिसणार. ऋजुताला हसू आलं. हुशार आहे, तिने मनात म्हटलं. परीक्षकांसाठी असलेली सोय तिने चालू केली. पहारेकऱ्याची नजर आता पडद्यावर बारीक पिवळ्या रेघेने दिसू लागली. ती एक पाऊल पुढे गेली. मग दुसरं.

त्याची मान किंचित उजवीकडे कलली. आवाजाकडे त्याने आधी उजवा कान केला, मग चेहरा. आता आरोळी, पलिते, धावपळ. ती पळायच्या बेतात थांबली.

आरोळी आली नाही. पहारेकरी खांबापासून निघाला, तिच्या समोरून लगबगीने दिंडी दरवाज्याशी गेला, कमरेच्या किल्लीने कुलूप काढलं, अडसर काढला आणि त्याने दार सताड उघडलं. मग तो वळला. पिवळी रेघ तिच्या डाव्या पावलावर आली. तिथे थोडी रेंगाळली. तिथून वर तिच्या चेहऱ्यावर, म्हणजे हेराच्या मुंडासं गुंडाळलेल्या चेहऱ्यावर गेली, आणि लगेच तिच्यावरून निसटून दाराबाहेरच्या अंधाऱ्या वाटेवर जाऊन थांबली.

तो तसाच उभा राहिला. दार धरून.

“हे काय?” तन्वीर आत आला. “ताई, हे कसं केलंत तुम्ही? आमची पोरं किल्ली चोरता चोरता मेली, आणि तुम्हाला हा स्वागताला आला?”

ऋजुताने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. पुन्हा तेच. मान उजवीकडे, लगबग, अडसर, डावं पाऊल, चेहरा, अंधारी वाट. मग तिने तन्वीरला चालायला लावलं, तर पहारेकऱ्याने त्याला देवडीच्या तोंडाशीच पकडलं.

तन्वीरने पहारेकऱ्याच्या आतले आकडे उघडून बघितले. “गंमत बघा. अनोळखी पाऊल ऐकलं की याची नाडी वाढते, त्यावर आरोळी ठरते. तुमची चाहूल लागली की उलटी उतरते. निवांत होतो हो बाबा! तुमची एक टाच जड पडते आणि दुसरी हलकी, बरोबर? तो ठेकाच ओळखीचा आहे याच्या. कोणीतरी तसं चालणारं होतं याच्या घरी.”

“आणि मग दारातून हलत का नाही?”

“तेच बघतोय.” त्याने जरा वेळ पडद्यावर बोटं फिरवली. “वाट बघतोय. ही वाट बघणं थांबवायचं कसं, ते याला येत नाही. यंत्र नोंदींवरून शिकतं ना? प्रत्येक नोंदीत तो ठेका ऐकून याने दार उघडलंय आणि दर वेळी ते माणूस आलंय. न आल्याची नोंदच नाही एकही.”

ऋजुताने घोट्यांचे पट्टे सोडले.

“उद्या सांगते,” ती म्हणाली आणि खुर्चीखालच्या चपला शोधू लागली.

*

ऋजुताचे अप्पा, बर्गे सर, हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, पण गावात त्यांचं नाव होतं ते परीक्षेतल्या पर्यवेक्षणासाठी. त्यांच्या वर्गात कॉपी करणं कोणाला जमलं नव्हतं. ते फळ्याजवळ कधी बसायचेच नाहीत. मागच्या बाकापाशी, सगळ्यांच्या पाठीशी उभे राहायचे. डाव्या कानाने कमी ऐकू यायचं म्हणून उजवा कान पुढे. निवृत्तीच्या वर्षी कुठल्याशा संशोधन संस्थेने त्यांना तो चष्मा दिला होता. सूचना होती की परीक्षेच्या दालनात असतानाच घालायचा.

“दिलाय तर पूर्ण वापरू. अर्धवट कामाचे गुण अर्धेच,” असं म्हणून अप्पा तो सकाळी तोंड धुतल्यापासून झोपेपर्यंत घालायचे. ऋजुता तेव्हा एका प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि संध्याकाळी परतायची. आईने बऱ्याचदा थट्टा केली होती. “लेक यायच्या वेळी तरी काढा तो. तिला वाटेल, कॉपी पकडायला उभे आहात.”

लहानपणी सायकलवरून पडून ऋजुताच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. तेव्हापासून अप्पा आधी तिच्या डाव्या पायाकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. जिन्यावर तिची पावलं वाजली की बेल दाबायची वेळच यायची नाही. दार उघडं आणि दारात अप्पा.

पुढे आई गेली. अप्पांची स्मृती विरत चालली. आधी कालचे दिवस गेले, मग माणसं. तरी दार उघडत होतं. दोन वर्षांपूर्वी ऋजुताची कंबर फारच धरायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी डाव्या टाचेखाली उंची असलेल्या चपला दिल्या. घरातही घालायच्या, चालपटावरचं काम सोडलं तर एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही, असं बजावलं. कंबर बरी झाली. चाल सरळ झाली. आणि त्याच सुमारास कधीतरी दार उघडायचं थांबलं. ती बेल वाजवायची, दिवसभर अप्पांपाशी असणाऱ्या सुलभाताई दार उघडायच्या आणि अप्पा आतून विचारायचे, “कोण बाई आल्या?” आजार पुढे सरकला, असं समजून ऋजुताने तेही सोसलं होतं.

आता जिन्याच्या तळाशी उभी राहून ती चपलांकडे बघत होती. आपण चाल बदलली आणि त्यांची तेवढी एक खूण पुसून टाकली, हा विचार कचेरीतून निघाल्यापासून तिच्या मनातून हलला नव्हता. चेहरे आणि नावं मेंदूच्या ज्या भागांत साठतात ते भाग विझत गेले तरी तालाची ओळख मागे राहू शकते, हे तिने वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, आणि तिला कधी सुचलं नव्हतं.

तिने चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणी जिना चढू लागली. जुन्या इमारतीचा लाकडी जिना. जड, हलकं. जड, हलकं.

वर खुर्ची सरकली. भराभर पावलं आली. कडी निघाली.

दारात अप्पा उभे होते. दोन वर्षांत तिने त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता. त्यांनी तिच्या डाव्या पायाकडे पाहिलं. अनवाणी, धुळीने भरलेल्या पावलाकडे. त्यांच्या डोळ्यांत पाणी की हसू ते कळेना. मग नजर वर आली, तिच्या तोंडावर थांबली, आणि तिला दिसलं की ते आता तिला बघत नाहीयेत.

“जरा बाजूला होता का बाई?” ते अदबीने म्हणाले. “आमची मुलगी येतेय.”

“अप्पा, मीच आलेय. ऋजू.”

“हो हो. ऋजूच. पाय ऐकला मी तिचा.” त्यांनी तिच्या खांद्यावरून खाली जिन्यात पाहिलं. “येईल आता.”

“अहो सर, याच तुमच्या ताई,” सुलभाताई मागून म्हणाल्या.

“सुलभाबाई, मला माझी पोरगी ओळखता येत नाही होय?” ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आणि दार धरून उभे राहिले.

भात निवला. सुलभाताईंची घरी जायची वेळ टळली. अप्पा दारातून हलायला तयार नव्हते. हळूहळू ते हसू गेलं. ते कठड्याशी येऊन वाकून बघू लागले. “एवढा वेळ? पडली असेल कुठे. पायाने अधू आहे हो ती.” ते अनवाणीच जिना उतरायला लागले. ऋजुताने दंड धरला, तर त्यांनी झिडकारला. “सोडा! माझी पोर पडलीय तिकडे आणि तुम्ही मला धरून काय ठेवता?”

ऋजुता आत गेली. चपला घातल्या. सरळ, सारख्या पावलांनी परत आली.

“सर,” ती म्हणाली, “तुमच्या मुलीचा फोन होता. ती आज मैत्रिणीकडे राहणार आहे. जेवून घ्या म्हणाली.”

अप्पा पायरीवर थांबले. “बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग मला का नाही बोलली?” त्यांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते निमूट आत आले आणि ताटावर बसून दोन घास जेवले.

*

दुसऱ्या दिवशी तन्वीर तिची वाटच बघत होता.

“ताई, मला एक सुचलंय. हा दोष आहे, कबूल. पण ठेवला तर? छुपी गंमत म्हणून. ‘लंगडत गेलं की दार उघडतं.’ एकाला कळलं की गावभर होईल. लाखभर लोक लंगडत खेळतील!”

“आणि तो?”

“कोण?”

“तो दारात उभा राहील. लाखभर वेळा.”

तन्वीर हसला, मग तिच्याकडे बघून त्याचं हसू थांबलं. तिने त्याला सांगितलं. जास्त शब्द न वापरता सांगितलं: चष्मा, मागचा बाक, उजवा कान, जिना, काल संध्याकाळ. तन्वीरने हातातला कप टेबलावर ठेवला.

“नात्यातला माणूस असेल तर परीक्षकाने बाजूला व्हायचं असतं,” ती म्हणाली. “तसं कळवते आहे. पण दोष खरा आहे. माझ्यासारखा पाय असलेला जो कोणी येईल, त्याला हा खेळ उरतच नाही. दार उघडतं आणि कथा तिथेच अडते. विस्तारकथा परत पाठवा.”

“दुरुस्ती सोपी आहे,” तो हळू म्हणाला. “परीक्षेच्या दालनातले तास ठेवायचे, घरातले काढून टाकायचे. ती परवानगी तशी दालनापुरतीच होती. आमच्याकडूनच गाळायचे राहिलेत.” मग जरा थांबून, “ताई, काढायच्या आधी एक प्रत करून देऊ? तुमच्यासाठी. कोणाला कळणार नाही. चालपटही देतो घरी. तुम्हाला वाटेल तेव्हा...”

काल रात्रीपर्यंत ती यासाठी काय वाटेल ते द्यायला तयार झाली असती. जगात एवढी एकच जागा उरली होती, जिथे तिचं पाऊल वाजलं की कोणाचा तरी जीव निवांत होत होता. ती हो म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात तिला कठड्यावरून वाकलेले अप्पा दिसले.

“नको,” ती म्हणाली. “मी गेले की तो दार उघडणार, आणि मी काही पोचणार नाही. इथेही नाही आणि तिथेही नाही. काढून टाक.”

“सगळे तास?”

“सगळे.”

दुपारपर्यंत तास गाळून झाले. तपासणी नव्या परीक्षकाने करायची होती, पण एक फेरी तुमच्याच पायांनी व्हायला हवी, असं तन्वीर म्हणाला. तोच ठेका दुसऱ्या कोणाकडे नव्हता. ऋजुता चालपटावर अनवाणी उभी राहिली. तट, सावली, देवडी. मागच्या खांबाला टेकून तो उभा होता. पहारा तसाच होता, अप्पांचाच. मान उजवीकडे कललेली.

ती गरजेपेक्षा जवळून गेली. टाच मुद्दाम टेकवली. पिवळी रेघ झटकन तिच्याकडे वळली, आणि आरोळी उठली. पलिते धावत आले.

“सगळ्यांसारखंच,” तन्वीर काचेपलीकडून म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

दुसऱ्या वेळी ती चवड्यांवर चालली. श्वास धरून, सावलीतून, इतकी हळू की कंबर ठणकू लागली. त्याच्या पाठीमागून हात घालून किल्ली काढली आणि दिंडी दरवाजा स्वतः उघडला. सोबती आत शिरले. बिनचूक फेरी, असं पडद्यावर आलं. कोणालाही तुमची चाहूल लागली नाही.

*

संध्याकाळी ती जिन्यापाशी आली. बाहेरच्या चपला काढल्या आणि पिशवीतून घरातल्या काढून खाली ठेवल्या. त्यांत पाय घालण्याआधी, कशासाठी ते तिलाही कळलं नाही, तिने अनवाणी डावा पाय पहिल्या पायरीवर टेकवला. मग उजवा. लाकूड करकरलं.

वर खुर्ची सरकली.

ऋजुता होती तिथेच थिजली. भिंतीला पाठ लावली, श्वास रोखला. वरचं पाऊल एक-दोनदा वाजलं, थांबलं. ती हलली नाही. बऱ्याच वेळाने खुर्ची पुन्हा कुरकुरली, अप्पा खाली बसले असावेत.

मग तिने चपला घातल्या आणि सरळ, सारख्या पावलांनी जिना चढून बेल दाबली.

“कोण आहे?”

“मी, सर. औषध द्यायला आलेय.”

सुलभाताई कामात असाव्यात. दार अप्पांनीच उघडलं. सवयीने त्यांची नजर आधी तिच्या पायांकडे गेली.

“चपला बाहेर काढा हं, बाई.”

“या घरातल्याच आहेत, सर.”

“असं होय. मग या.” ते बाजूला झाले. ती आत आली आणि दाराला हात लावला, तसे ते घाईने म्हणाले, “नुसतं लोटून ठेवा. कडी नका लावू. मुलगी यायची आहे आमची.”

ऋजुताने दार लोटलं. कडी लावली नाही.